कंट्रोल कोणाकडे होता?

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. पण खरं सांगू? त्यातली चूक शोधायला वाचते. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटलं – झोपेतला प्रकार आहे. मागच्या सीटवर बाई दिसली – ड्रायव्हर दमलेला होता. बंद खोलीतून आवाज आला – उंदीर, पाइप, शेजारी... माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर तयार असतं. भूत, शक्ती, दैवी संकेत यातलं मी काहीच मानलं नाही कधी. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहायला बसल्यावर पहिला संशय मला माझाच येतोय. तरी लिहिते. तुम्हीही चूक शोधा. सापडली तर मला कळवा, मला ती खरंच हवी आहे.

मी मूळची बुऱ्हाणपूरची. बुधवारा पेठेत आमचं घर. खाली बाबांचं कापडाचं दुकान, वर आम्ही. आईचं माहेर फोपनारचं, मामांची तिथे केळीची बाग. आमच्याकडे विमानात बसलेलंच कोणी नव्हतं, चालवणं तर दूरच. पण मी हट्टाला पेटले आणि बाबांनी कुरकुर करत का होईना, फ्लाइंग स्कूलला पाठवलं. स्कूलचं नाव लिहीत नाही. तिथून लांबच्या सरावाला निघालं की बुऱ्हाणपूर वाटेत लागायचं, एवढं पुरे.

माझे इन्स्ट्रक्टर देवेश सर. भोपाळचे, चाळिशीतले. चूक झाली की विमान डोक्यावर घ्यायचे, आणि खाली उतरल्यावर स्वतःच चहा आणून द्यायचे. आमच्या लहान ट्रेनर विमानात दोनच सीटा असतात – डावीकडे शिकणारा, उजवीकडे शिकवणारा. दोघांच्या समोर एकेक योक, म्हणजे विमान वळवायचं, वर-खाली न्यायचं हँडल. दोन्ही योक आतून जोडलेले, एक फिरला की दुसरा आपोआप फिरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम डोक्यात भरवतात : विमान कोणाच्या हातात आहे हे तोंडाने बोलायचं. घेणारा म्हणतो, ‘आय हॅव कंट्रोल’. सोडणारा म्हणतो, ‘यू हॅव कंट्रोल’ आणि हात काढतो. दोघांनी एकदम धरलं तर धोका... आणि दोघांनी एकदम सोडलं तर त्याहून मोठा.

ते हिवाळ्याचे दिवस होते. मावठ्याचे ढग येऊन-जाऊन होते, पण त्या दुपारी हवामान ठीक आहे असा निरोप होता म्हणून आम्ही निघालो. असीरगडच्या डोंगरांपर्यंत सगळं स्वच्छ. पुढे तापीचं खोरं उघडतं, तिथे खाली पांढरट धुरकट थर दिसला. सर म्हणाले, ‘हल्की धुंध है, निकल जाएँगे.’ मीच चालवत होते. आणि काही कळायच्या आत समोरची काच पांढरी झाली. वर पांढरं, खाली पांढरं, पंखाचं टोकसुद्धा नीट दिसेना.

ढगात शिरल्यावर काय होतं ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. जमीन-आकाश दिसत नसलं की आपण सरळ आहोत की तिरके, हे शरीर कानाच्या आतल्या द्रवावरून ठरवतं. आणि त्या द्रवाला हळूहळू आलेला कल कळतच नाही. विमान एका बाजूला कलत जातं आणि बसलेल्याला वाटतं, आपण अगदी सरळ चाललोय. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. प्रत्यक्षात काय झालं? समोरच्या डायलमधलं क्षितिज तिरकं झालेलं मला दिसत होतं, आणि माझं सगळं अंग ओरडून सांगत होतं की डायल बिघडलाय. मी माझ्या अंगावर विश्वास ठेवला.

उंचीचा काटा उतरायला लागला. मी योक मागे ओढला. तिरक्या विमानात योक मागे ओढला की ते वर येत नाही, गिरकी आणखी घट्ट होते आणि नाक खाली जातं. इंजिनाचा आवाज चढत गेला, कण्हल्यासारखा. मी सरांकडे पाहिलं. ते खाली पडलेला नकाशा उचलायला वाकले होते, ते वर आले आणि त्यांनी दाराची कडी गच्च धरली. चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात हेडफोनमध्ये सरांचा आवाज आला. ‘आय हॅव कंट्रोल.’

मी म्हटलं, ‘यू हॅव कंट्रोल, सर,’ आणि हात मांडीवर घेतले. इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी डोळे मिटले नाहीत, पण खरं म्हणजे काही पाहातही नव्हते. इंजिनाचा आवाज उतरला. मग माझ्यासमोरचा योक उजवीकडे फिरला, पंख सरळ झाले, आणि मग तो अगदी हलकेच मागे आला. हाच बरोबर क्रम आहे – आधी इंजिन मंद, मग पंख सरळ, मग नाक वर. घाई नाही, झटका नाही. मला आठवतं, मी मनात म्हटलंसुद्धा, सर इतकं मऊ चालवतात हे आजवर दिसलं नव्हतं.

ढग कधी फाटला ते मला कळलंच नाही; पाहिलं तेव्हा खाली केळीच्या बागा होत्या. फार जवळ... पानांच्या चिंध्या दिसत होत्या. मग इंजिनाने पुन्हा जोर धरला आणि आम्ही तापीच्या बाजूने सरळ जाऊ लागलो.

‘थँक यू, सर,’ मी म्हटलं.

‘वेल डन, बेटा,’ सर म्हणाले.

मला वाटलं टोमणा आहे. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘तू फ्लाय करती रह, रेडियो मैं करता हूँ.’

‘सर, मी कुठे फ्लाय करतेय? तुमच्याकडे आहे ना.’

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मी त्यांच्या. माझे दोन्ही मांडीवर. त्यांचा एक हात दाराच्या कडीवर, दुसरा सीटच्या कडेला. दोन योक आमच्यासमोर मोकळे होते आणि विमान शहाण्यासारखं सरळ चाललं होतं.

‘मज़ाक मत कर!’ असं ओरडून त्यांनी योक धरला. आणि विमान परत वळवलं.

आता तुम्ही म्हणाल, नीट ट्रिम केलेलं, म्हणजे तोल लावून ठेवलेलं विमान हात सोडले तरी काही वेळ सरळ जातं. बरोबर आहे, जातं. त्याबद्दल माझी तक्रारच नाही. माझी तक्रार आधीच्या गोष्टीची आहे.

उतरल्यावर टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्याच्या कडेला सर माझ्यावर जवळजवळ धावून आले. ‘तूने “आय हॅव कंट्रोल” बोला. मैंने सुना. मेरा सिर घूम गया था, मैं मानता हूँ, नीचे झुका और सब घूमने लगा. तूने बोला, मैंने तुझ पर छोड़ दिया, उसके बाद कुछ सुनाई नहीं दिया. फिर अब झूठ क्यों बोल रही है?’

‘सर, तुम्ही म्हणालात. मी सोडलं.’

‘मैंने तो मुँह ही नहीं खोला!’

माझ्या मनात काय आलं, तेही प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, हा माणूस स्वतःला वाचवतोय. पण कसं? शिकवणाऱ्याची चक्कर आणि शिकणारीने विमान सावरलं, असं सांगून त्याची नोकरीच जाईल. मग मला वाटलं, नाही, हा मला अडकवतोय. उद्या म्हणेल, हिने माझ्या परवानगीशिवाय हातातून विमान हिसकावलं. त्या रात्री हॉस्टेलवर मी अशी एकेक शक्यता लावत बसले. प्रत्येक वेळी सर खोटारडे ठरत होते, पण खोटं बोलून त्यांना मिळत काय होतं, ते सापडत नव्हतं.

सरांनी त्याच संध्याकाळी सगळं वरच्यांना सांगून टाकलं होतं. सकाळी आम्हा दोघांना चीफ इन्स्ट्रक्टरच्या खोलीत बोलावलं. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. दोघांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, ‘तुम्हारा घर बुरहानपुर में है न?’

‘हो सर.’

‘और मामा का गाँव?’

मी फोपनार सांगितलं तेव्हा ते मान हलवत राहिले. त्यांचा हिशोब सरळ होता. पोरगी आपल्या गावावरून चाललीय, घरच्यांना विमान दाखवायला खाली आणलं, ढगात फसली, आणि आता दोघं मिळून गोष्ट रचतायत. ‘आम तौर पर दो लोग एक-दूसरे पर दोष डालते हैं,’ ते म्हणाले. ‘तुम दोनों एक-दूसरे को शाबाशी दे रहे हो. इसी पर मुझे शक है.’

विमान तपासायला दिलं. आमचं ते जुनं, गोल डायलांचं विमान. आतलं बोलणं किंवा हालचाल नोंदवणारं त्यात काही नव्हतं. तपासणीत काहीच निघालं नाही. सरांचं शिकवणं बंद केलं आणि मला चौकशी होईपर्यंत घरी पाठवलं.

घरी येण्याआधीच बातमी येऊन बसली होती. दुकानातल्या गिऱ्हाइकाने बाबांना सांगितलं होतं, ‘तुमची पोरगी विमान घेऊन केळीत उतरू राहिली होती म्हणे.’ रात्री बाबा जेवले. हात धुताना म्हणाले, ‘खरं सांग. दाखवायला खाली आणलं होतं ना?’

‘नाही बाबा.’

‘मग तुझ्या सरांनी?’

‘नाही.’

‘मंग विमान आपलं आपण खाली आलं, अन् आपलं आपण वर गेलं?’

मी जे सांगत होते ते हेच तर होतं. बाबा म्हणाले, ‘पाह्य, तू खोटं बोलत असशील तर मला राग येईल. पण खरं बोलत असशील तर मी तुला परत पाठवणार नाही.’ आई मधे पडली नाही. ती नुसती माझ्याकडे पाहात होती – आजारी माणसाकडे पाहावं तशी.

दुसऱ्या दिवशी फोपनारहून मामा आले. त्यांनी ते विमान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात मी होते हे त्यांना नंतर कळलं, आणि तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

‘मी ड्रिपची नळी पाहू राहिलो होतो,’ मामा म्हणाले. ‘वरून आवाज आला, असा की कानच बसले. ढगातून विमान निघालं, पार आडवं. एक पंख आभाळात, एक जमिनीकडे. मला वाटलं आता हे बागेत येते. मी पळालो नाही व, नळी धरून वर पाहात राहिलो.’

‘मग?’ बाबांनी विचारलं.

‘मग आवाज बसला. एकदम नाही... बसवल्यासारखा. अन् मग ते सरळ झालं. कसं सांगू... लहान लेकरू सायकलवरून पडू राहिलं असलं की मागून बाप कसा धरते, तसं.’ ते माझ्याकडे वळले. ‘पोरी, चांगलं सांभाळलं तू.’

मी म्हटलं, ‘मामा, मी नाही सांभाळलं.’

‘मग ज्यानं सांभाळलं त्याला चांगलं म्हणू,’ मामा म्हणाले आणि पाणी प्यायले. त्यांच्यासाठी विषय संपला होता. आईने लगेच देवाचं काही करायचं ठरवलं, नारळ आणला. मी चिडले. ज्या गोष्टीला कारण असणारच, तिला नारळ फोडून मोकळं व्हायचं, हे मला पटत नव्हतं. पण मामांच्या बोलण्याने एक झालं. विमान खरोखर आडवं झालं होतं आणि खरोखर सावरलं गेलं होतं. ते आमच्या डोक्यातलं नव्हतं. बाबांनी त्यानंतर ‘परत जाऊ नको’ म्हटलं नाही. ‘जा’ असंही म्हटलं नाही. फक्त चौकशीचं बोलावणं आल्यावर बसस्टँडपर्यंत सोडायला आले.

परत गेल्यावर मी सरळ देवेश सरांना गाठलं. ते कँटीनच्या मागे एकटेच बसले होते. मी विचारलं, ‘सर, एकदाच खरं सांगा. तुम्हीच केलं ना?’

ते हसले, पण वाईट हसले. ‘मैं यही तुझसे पूछने वाला था.’

कल्पना त्यांचीच. चीफ सरांनाही ती पटली, कारण त्यांना आमचं पितळ उघडं पाडायचं होतं. स्वच्छ दिवस बघायचा, तेच विमान घ्यायचं, भरपूर उंचीवर जायचं, तीच गिरकी मुद्दाम लावायची आणि दोघांनी हात वर करून बसायचं. विमान आपोआप सावरतं का ते पाहायचं. सावरलं तर प्रश्नच मिटला. कोणी खोटं नाही, भूत नाही, काही नाही. मी त्या सकाळी मनापासून हेच मागत होते.

आकाश इतकं निर्मळ होतं की असीरगड लांबूनच दिसत होता. वर गेल्यावर सर म्हणाले, ‘थ्रॉटल का फ्रिक्शन देख.’ थ्रॉटल म्हणजे दोघांच्या मधली काळी मूठ – आत ढकलली की इंजिन जोर करतं, बाहेर ओढली की मंद होतं. ती आपोआप सरकू नये म्हणून एक कडं आवळलेलं असतं. त्या दिवशी ते मीच आवळलं होतं, तसंच आताही आवळलं.

मग मी विमान डावीकडे कलवलं, योक मागे ओढला, आणि आम्ही दोघांनी हात वर केले. एकमेकांचे हात दिसतील असे, पोलिसांनी पकडल्यासारखे.

विमान सावरलं नाही. पंख आणखी खाली गेला, नाक आणखी खाली. मूठ जागची हलली नाही. इंजिन तसंच कण्हायला लागलं. मी सरांच्या हातांकडे पाहात होते, ते माझ्या हातांकडे. जमीन गरागरा फिरत होती आणि दोघांपैकी कोणीच आधी हात खाली आणायला तयार नव्हतं. त्या क्षणीसुद्धा आम्हाला एकमेकांना पकडायचं होतं!

शेवटी सरांनीच योक धरला. ‘आय हॅव कंट्रोल!’

आणि माझ्या कानात काय आलं, तर ‘...हॅव कंट्रोल’. ‘आय’ गायब.

त्या जुन्या विमानातला माइक बोलायला लागल्यावर उघडायचा, म्हणून पहिला शब्द थोडा गिळला जायचा. नेहमीच गिळला जात असणार. वाक्य ठरलेलं, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. पण त्या सकाळी मी कान देऊन ऐकत होते.

उतरल्यावर मी सरांना विचारलं, ‘त्या दिवशी मी काय म्हणाले? जसं ऐकलं तसं सांगा.’

‘आय हॅव कंट्रोल.’

‘“आय” ऐकू आलं होतं?’

‘हाँ, एकदम साफ़. जैसे तू कान के पास...’ ते तिथेच थांबले. त्यांना समजलं होतं – माइकमधून आलं असतं, तर ‘आय’ गिळला गेला असता. मीही त्या दिवशी तसंच ऐकलं होतं. पूर्ण वाक्य, स्वच्छ, मागे खरखर नाही. आणखी एक गोष्ट मला तेव्हा लक्षात आली, ती मी त्यांना बोलले नाही. घाबरल्यावर सर कधीच इतके शांत बोलत नाहीत. आत्तासुद्धा ते ओरडले होते.

चीफ सरांना आम्ही जे झालं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘ठीक है. बादलों से दूर रहो.’ चौकशी तिथेच मिटली. त्यांचा संशय गेला की नाही, मला माहीत नाही. मला वाटतं नाही गेला.

पुढे मला लायसन्स मिळालं. आता मी एका कंपनीत को-पायलट आहे. देवेश सरांनी वर्षभरात फ्लाइंग सोडलं. ते आता भोपाळमध्ये सिम्युलेटरवर शिकवतात, जमिनीवर.

उत्तरं मीही शोधली. भीतीत माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं – मान्य. गिळलेला शब्द मेंदू आपणच भरतो – तेही मान्य. पण दोघांना, एकाच क्षणी, एकमेकांच्या आवाजात? आणि समजा, आवाज आमच्या डोक्यातला होता. मग ती मूठ कोणी ओढली? आणि विमान सावरल्यावर ती परत आत कोणी ढकलली? भीतीत माझाच हात गेला आणि मला आठवत नाही, असं असेल? सरांचा गेला असेल? रोज वेगळं वाटतं.

दर दिवाळीला सरांचा फोन येतो. घरच्यांची विचारपूस होते, पगार वाढला का ते होतं. मग तोच प्रश्न.

‘बेटा, अब तो बता दे. तू ही थी न?’

‘नाही सर. तुम्हीच होता.’

‘सच?’

‘सच.’

ते हसतात आणि फोन ठेवतात. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, हे मला आवाजावरून कळतं. माझाही त्यांच्यावर नाही. आणि तुम्हाला खरं सांगते, सर खोटं बोलत असावेत असंच मला आजही मनापासून वाटावंसं वाटतं. कारण ते खरं बोलत असतील, तर मी त्या दिवशी ‘यू हॅव कंट्रोल’ कोणाला म्हटलं, हे मला माहीत नाही.